परदेशच्या दारात बोटांचे ठसे देताना: मराठवाड्यातल्या आई-वडिलांची तयारी कशी करावी

रेशनच्या दुकानात आईचा अंगठा मशिनवर लागत नाही, ही आमच्या घरातली जुनी गोष्ट. अंगठा दाबायचा, पदराला पुसायचा, पुन्हा दाबायचा आणि शेवटी भावाला हाक मारायची. औशाकडच्या आमच्या गावात बहुतेक म्हाताऱ्या माणसांची हीच तऱ्हा असल्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मग माझ्या बहिणीला जर्मनीत दिवस गेले आणि बाळंतपणासाठी आईने जायचं ठरलं. आम्ही सगळे कागद जमवले, विमा काढला, तिकिटाची चौकशी केली. मुंबईच्या व्हिसा केंद्रात काचेवर उजव्या हाताची चार बोटं ठेवल्यावर यंत्र लालच दाखवत राहिलं. चौथ्या प्रयत्नानंतर समोरची मुलगी म्हणाली, "उद्या परत या, हाताला क्रीम लावून या." ती रात्र आम्ही कुर्ल्याला नातेवाइकांकडे काढली. आई सारखी स्वतःच्या हातांकडे बघत होती, जणू तिनेच काही चूक केली होती.

त्यानंतर गावातल्या आणि लातूरमधल्या बऱ्याच आई-वडिलांच्या अशा प्रवासाची तयारी मी करून दिली. त्यातून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. मुलांनी हे आई-वडिलांना वाचून दाखवलं तर जास्त बरं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या

पुष्कळ लोकांना वाटतं की व्हिसाच्या वेळी दिलेले ठसे फायलीला लावतात आणि विमानतळावर ते वेगळे असतात. तसं नाही. अमेरिका, युरोप, ब्रिटन, कॅनडा या देशांसाठी व्हिसा केंद्रात दहा बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. तिथे पोहोचल्यावर सीमेवरचा अधिकारी समोर उभा माणूस तोच आहे का, हे त्याच नोंदीशी ताडून बघतो. म्हणजे मुंबईत किंवा हैदराबादेत ठसे अर्धवट, पुसट उमटले तर त्याचा त्रास पुढे फ्रँकफर्टला किंवा शिकागोला होऊ शकतो. म्हणून तयारी व्हिसाच्या तारखेच्या आधी सुरू करायची असते, विमानाच्या तारखेच्या आधी नव्हे. या लेखातली एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी बराच त्रास वाचेल.

यंत्र बोटांवरच्या बारीक उंचवट्यांच्या रेषा वाचतं. रेषा कुठे संपते आणि कुठे तिला फाटा फुटतो, अशा खुणा ते टिपतं आणि दोन ठशांमधल्या या खुणा जुळतात का ते बघतं. रेषाच झिजलेल्या असतील तर टिपायला काही उरत नाही. कातडी फार कोरडी असली की ती काचेला नीट टेकत नाही आणि ठसा तुटक येतो. फार ओली किंवा तेलकट असली की दोन रेषांमधली जागा भरून जाते आणि नुसता डाग उमटतो.

कुठे काय मागतात

अमेरिकेत जानेवारी २००४ पासून परदेशी पाहुण्यांचे ठसे आणि फोटो विमानतळावर घ्यायला सुरुवात झाली. आधी दोन बोटं घेत, नंतर दहा घेऊ लागले. अनेक वर्षं १४ वर्षांखालच्या मुलांना आणि ७९ च्या पुढच्या वृद्धांना यातून सूट होती. २६ डिसेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने फोटोपुरती वयाची ती सूट काढली आहे आणि देश सोडतानाही फोटो घ्यायची तरतूद केली आहे. त्यामुळे "आजोबा ८२ चे आहेत, त्यांना काही विचारणार नाहीत" हे जुनं गणित आता धरू नका. व्हिसाच्या मुलाखतीतूनही २ सप्टेंबर २०२५ पासून या वयाच्या लोकांना सरसकट सूट राहिलेली नाही.

युरोपातल्या शेंगेन देशांनी (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाने) १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी सुरू केली. ती टप्प्याटप्प्याने लागू करायची आणि १० एप्रिल २०२६ पर्यंत सगळीकडे पूर्ण करायची असं ठरलं होतं. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, इटली यांसह २९ देश यात आहेत. आयर्लंड आणि सायप्रस नाहीत. ज्यांना व्हिसा लागत नाही अशा परदेशी माणसांचे चार बोटांचे ठसे आणि चेहरा सीमेवर घेतात. आपल्याला व्हिसा लागतो, म्हणजे आपले दहा ठसे व्हिसाच्या नोंदीत आधीच असतात. म्हणून सीमेवर आपला चेहरा नव्याने टिपतात आणि बोटं जुन्या नोंदीशी ताडायला मागू शकतात. १२ वर्षांखालच्या मुलांची बोटं घेत नाहीत, फक्त चेहरा टिपतात. या नोंदणीसाठी वेगळे पैसे लागत नाहीत. कुणी एजंट "युरोपची नवीन बायोमेट्रिक फी" म्हणून रक्कम मागत असेल तर देऊ नका. ठसे द्यायला नकार दिला तर प्रवेश मिळत नाही.

ब्रिटनसाठीही व्हिसा केंद्रात दहा बोटं आणि फोटो लागतो. पाच वर्षांखालच्या मुलांची बोटं घेत नाहीत, वृद्धांना मात्र वयाची सूट नाही. कॅनडासाठी पाहुण्यांना १४ ते ७९ या वयात ठसे द्यावे लागतात. त्याची फी ८५ कॅनेडियन डॉलर आहे आणि दिलेले ठसे १० वर्षं चालतात. शेंगेनचे ठसे ५९ महिन्यांपर्यंत पुन्हा वापरता येतात. म्हणजे दुसऱ्या नातवंडाच्या वेळी कदाचित मुंबईची फेरी वाचेल, पण शंका आली तर ते पुन्हा बोलावू शकतात.

पूर्वेकडे गेलात तर बरंचसं काम विमानतळावरच होतं. जपान २० नोव्हेंबर २००७ पासून १६ वर्षांवरच्या परदेशी माणसाच्या दोन्ही तर्जनींचे ठसे आणि फोटो घेतो. सिंगापूरला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. तो फुकट आहे. तिथे डोळ्यातल्या बुबुळावरूनही ओळख पटवतात. दुबईतही डोळा आणि चेहरा बघण्याची पद्धत आहे. उमरा किंवा हजसाठी जाणाऱ्यांचीही बोटं आणि चेहरा सौदीच्या सीमेवर बघतात, तेव्हा हातांची खालची तयारी त्यांनीही करावी. अजिंठा-वेरूळ बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनाही मुंबई-दिल्लीच्या इमिग्रेशनवर बोटं आणि चेहरा देऊनच पुढे यावं लागतं. जग आता असंच चालतं, हे आई-वडिलांना सांगितलं की "आपल्यावरच संशय का" ही टोचणी कमी होते.

हातांची तयारी: निदान चार आठवडे

बोटावरच्या रेषांचा नमुना कातडीच्या खालच्या थरात पक्का असतो. वरची कातडी झिजली तरी तिला विश्रांती मिळाली की बहुतेक वेळा तोच नमुना पुन्हा वर येतो. वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, म्हाताऱ्या माणसांत त्याहून जास्त. म्हणून आदल्या रात्री क्रीम चोळून फारसं काही होत नाही.

आपल्याकडची कामं हातांवर कशी चालतात ते बघा. सोयाबीन काढताना विळ्याची मूठ आणि वाळलेली धाटं बोटं घासतात. कापूस वेचताना बोंडाची टोकं बोटांच्या शेंड्यांना ओरबाडतात. हरभऱ्याची आंब तर हातांना नुसती झोंबतच नाही, कातडीही खाते. वसमतकडे हळद शिजवणारे आणि घोळणारे हात, ऊसतोडीच्या कोयत्याने घट्टे पडलेले हात, सिमेंट कालवणारे, हाताने युरिया फेकणारे हात, सगळ्यांची गत एकच. बायकांच्या बाबतीत राखेने किंवा पावडरीने भांडी घासणं आणि रोजचं धुणं. पुरुषांच्या बाबतीत एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. तंबाखूत चुना घालून अंगठ्याने मळण्याची सवय चाळीस वर्षांची असेल तर तो अंगठा गुळगुळीत झालेला असतो. चुना कातडी जाळतो.

म्हणून व्हिसाची तारीख हंगाम बघून घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबर सोयाबीनमुळे वाईट, त्यापुढे कापूस आणि ऊस, फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि हळद. एप्रिल-मे किंवा पेरणी उरकल्यानंतरचा जुलै-ऑगस्ट त्यातल्या त्यात बरा. तारीख पुढे-मागे करता येत नसेल तर चार आठवडे शेतातलं आणि भांड्या-धुण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्यावं. आईला हे पटवणं हेच खरं अवघड काम आहे. "तुझ्या हातांवर आपलं तिकीट आहे" असं सांगितल्यावर माझ्या आईने ऐकलं, पण ते जर्मनीहून परत आल्यानंतर, सरावासाठी. रबरी हातमोजे घालून भांडी घासायला ती तयार झाली नाही, तर धाकट्या वहिनीने तिला महिनाभर मोरीत जाऊच दिलं नाही.

रोज रात्री कोमट पाण्यात हात पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवायचे, पुसायचे आणि ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल बोटांच्या शेंड्यांना चोळायचं. भेगा असतील तर रात्री सुती मोजे हातात घालून झोपायचं. भेगा खोल असतील, रक्त येत असेल किंवा खरूज, गजकर्ण, इसब असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. घट्टे ब्लेडने तासू नका. दगडाने किंवा वज्रीने बोटांचे शेंडे घासू नका, त्याने रेषा आणखी जातात. मेंदी लावू नका. व्हिसा केंद्रं मेंदी, कापलेलं बोट, पट्टी बांधलेलं बोट नको म्हणून आधीच कळवतात आणि घरात लग्न असलं की नेमकं हेच विसरायला होतं.

आठवड्याने प्रगती बघायची असेल तर बँकेतल्यासारखा शाईचा पॅड घ्या, एकेक बोट हलकेच टेकवून कोऱ्या कागदावर ठसा घ्या आणि भिंगातून बघा. रेषा वेगवेगळ्या दिसल्या तर ठीक. नुसता काळा गोळा किंवा पांढरे ठिपके दिसले तर अजून वेळ द्या. कागदावर तारीख घाला. पहिला आणि चौथ्या आठवड्याचा कागद शेजारी ठेवला की फरक डोळ्यांना दिसतो आणि आई-वडिलांनाही हुरूप येतो.

कर्करोगाचे उपचार चालू असतील तर जास्त काळजी घ्या. स्तनाच्या आणि आतड्याच्या कर्करोगात दिलं जाणारं कॅपेसिटाबिन हे औषध तळहात-तळपायांची कातडी सोलवटून टाकू शकतं आणि त्यात बोटांचे ठसे पुसले जाऊ शकतात. हे औषध घेणाऱ्या सिंगापूरच्या एका रुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर ठसे उमटत नाहीत म्हणून चार तास थांबवून ठेवलं होतं. ती नोंद २००९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. अशा माणसाने उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्यावं. त्यात आजार, औषध आणि "त्यामुळे बोटांचे ठसे गेले आहेत" हे स्पष्ट लिहिलेलं असावं, वर सही आणि शिक्का. मळणी यंत्रात किंवा कडबा कुट्टीत बोट गेलेलं असेल तर लपवण्यासारखं काहीच नाही. काउंटरवर आधी हात दाखवायचा. शेंगेनच्या नियमात दहा बोटं शक्य नसतील तर जेवढी शक्य तेवढी घ्यायची आणि मुळीच शक्य नसेल तर सूट द्यायची असं लिहिलेलं आहे. बोटाला तात्पुरती जखम असेल तर पुढच्या अर्जाच्या वेळी ते बोट मागतात.

व्हिसा केंद्रातला दिवस

उदगीर, देगलूर, नांदेडच्या लोकांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. अमेरिकेचा वाणिज्य दूतावास तिथेही आहे, तेव्हा तारीख बघताना दोन्ही बघा. लातूरहून रात्रीच्या गाडीने गेलात तर सकाळी उतरल्याबरोबर केंद्रात पळू नका. रात्रभराच्या वातानुकूलित डब्याने हात पार सुकलेले असतात. आंघोळ करा, हातांना थोडं व्हॅसलीन लावा आणि केंद्रात शिरायच्या तासभर आधी साबणाने धुऊन कोरडे करा. आत जाताना हात तेलकट नको आणि खरबरीतही नको. पिशवीत ओला रुमाल आणि कोरडा रुमाल दोन्ही ठेवा.

काचेवर बोटं ठेवताना आपल्या माणसांची एक चूक ठरलेली असते, जोर लावणं. रेशनच्या मशिनची सवय असते ना, लागत नाही म्हणून दाबायचं. दाबल्याने रेषा चपट्या होतात आणि ठसा बिघडतो. तवा तापलाय का ते बघायला हात जितका हलका टेकवतो, तितकाच टेकवायचा आणि यंत्र हिरवं होईपर्यंत हलवायचा नाही. पहिल्यांदा जमलं नाही तर "ओला रुमाल लावून परत करू का" असं स्वतःहून विचारा. आईचं दुसऱ्या दिवशी जमलं ते याच रीतीने. रात्रीचं व्हॅसलीन, सकाळी कोमट पाणी, मग ओलसर पुसलेली बोटं. डावा हात पहिल्याच वेळी गेला, उजवा दुसऱ्या वेळी. तिचे हात आधीपासून सांभाळले असते तर ती रात्र काढायची वेळच आली नसती, हे मला अजून लागतं.

फोटोसाठी चष्मा काढायला लावतात. धार्मिक कारणाने डोकं झाकलेलं चालतं, पण कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा दिसला पाहिजे. आज्जींचा डोक्यावरचा पदर कपाळावर खाली आलेला असतो, तो घरीच मागे घेऊन एक-दोनदा सराव करा. आजोबांची टोपी किंवा पटका काढायला सांगितला तर अपमान समजू नये, हे आधी बोलून ठेवलेलं बरं.

विमानतळावर, खिडकीसमोर

विमान उतरायच्या तासभर आधी हाताला पुन्हा थोडं क्रीम लावायचं आणि उतरण्याआधी पुसून टाकायचं. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे ॲमस्टरडॅमला जात असाल तर शेंगेनची तपासणी फ्रँकफर्टलाच होते, ॲमस्टरडॅमला नाही. तेव्हा दोन विमानांच्या मध्ये भरपूर वेळ ठेवा. नव्या नोंदणीला पहिल्या वेळी जास्त वेळ लागतो.

इंग्रजी न येणाऱ्या माणसाला चार-पाच वाक्यं कानावर घातलेली असली की पुष्कळ धीर येतो. घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर सराव करा. "राइट फोर फिंगर्स" म्हणजे उजव्या हाताची चार बोटं जुळवून ठेवायची. "लेफ्ट फोर" म्हणजे डाव्या हाताची. "थम्ब्स" म्हणजे दोन्ही अंगठे. "लुक ॲट द कॅमेरा" म्हटलं की चष्मा काढून समोरच्या गोल काचेकडे बघायचं. "हाऊ लाँग" म्हटलं की किती दिवस राहणार ते सांगायचं आणि ते परतीच्या तिकिटाशी जुळलं पाहिजे. न कळता "यस, यस" म्हणायचं नाही. कळलं नाही तर "नो इंग्लिश, इंटरप्रिटर प्लीज" एवढं पुरतं.

गळ्यातल्या छोट्या पाकिटात एका कागदावर मुलाचं किंवा लेकीचं नाव, पूर्ण पत्ता आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहून ठेवा. मोबाइलवर भरवसा ठेवू नका, तपासणीच्या जागेत तो वापरू देत नाहीत आणि बॅटरी संपलेली असते. सोबत परतीचं तिकीट, विम्याची प्रत (शेंगेनसाठी निदान ३०,००० युरोचा) आणि असेल तर डॉक्टरांचं पत्र. हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. गुडघे दुखत असोत-नसोत, एकट्या जाणाऱ्या वृद्धांसाठी तिकिटाबरोबर व्हीलचेअर मागून घ्या. ढकलणारा माणूस रांगेतून खिडकीपर्यंत सोबत असतो.

ठसे जुळले नाहीत तर

अधिकारी पासपोर्ट ठेवून घेतो आणि दुसऱ्या खोलीत बसायला सांगतो. ही अटक नाही. तिथे पुन्हा ठसे घेतात, चेहरा ताडतात, कागद बघतात, काही प्रश्न विचारतात. वेळ जातो, कधी तासन्‌तास. आई-वडिलांना हे निघण्याआधीच सांगून ठेवा, म्हणजे घाबरून रडू येणार नाही. गोळ्यांची वेळ असेल तर खुणेने गोळी दाखवून पाणी मागायचं. शेतात काम करतो हे सांगायला संकोच करायचा नाही. "फार्मर" हा एक शब्द आणि उघडलेले तळहात, एवढ्याने अधिकाऱ्याला बरंच कळतं. बाहेर वाट बघणाऱ्या मुलाने विमान उतरून दोन-तीन तास झाले तरी लगेच घाबरू नये. विमान कंपनीच्या काउंटरवर विचारपूस करावी आणि फोन मोकळा ठेवावा.

दिवस मोजा, निघतानाची नोंद बघा

पूर्वी पासपोर्टवरचा शिक्का पुसट असला की दिवसांचा हिशेब धूसर राहायचा. आता यंत्र मोजतं. शेंगेनमध्ये कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, त्यात आल्याचा आणि गेल्याचा दिवसही धरतात. १ जूनला उतरलात तर २९ ऑगस्टला ९० दिवस भरतात. व्हिसावर त्याहून कमी दिवस दिलेले असतील तर तेच खरे. बाळंतपणाची तारीख पुढे-मागे होते, बाळ अशक्त असतं, लेक म्हणते अजून पंधरा दिवस थांब. अशा वेळी मायेपोटी दिवस ओलांडले तर त्याची नोंद राहते आणि पुढचा व्हिसा अडू शकतो. निघाल्याची नोंद झाली तर ती ३ वर्षं राहते, निघाल्याची नोंदच नसेल तर ५ वर्षं. म्हणून जायची तारीखच प्रसूतीच्या अंदाजे तारखेच्या जवळची ठेवा, आधीचे महिने वाया घालवू नका.

अमेरिकेत पर्यटक व्हिसावर सहसा सहा महिने देतात, पण खरी तारीख इलेक्ट्रॉनिक नोंदीत असते. तिचं नाव आय-९४. उतरल्यावर दोन-तीन दिवसांत मुलाने सरकारी संकेतस्थळावर ती काढून आई-वडिलांचं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि मुदत बरोबर आहे ना ते तपासावं. व्हिसाची मुदत दहा वर्षं असली तरी राहायची मुदत ही आय-९४ ची, यात पुष्कळ लोक फसतात. तिथे घेतलेले परदेशी माणसांचे फोटो आणि ठसे ७५ वर्षांपर्यंत साठवून ठेवता येतात. हे मला जड वाटतं, पण जायचं तर हे मान्य करावंच लागतं आणि ते माहीत असून जावं.

परत आल्यावर दोन्ही बाजूंचे बोर्डिंग पास फेकू नका. पासपोर्टबरोबर एका पाकिटात ठेवा आणि वर जाण्या-येण्याच्या तारखा लिहा. निघाल्याची नोंद चुकून राहिली तर तुमच्या हातात हाच पुरावा असतो. आईचं ते पाकीट आमच्या कपाटात आहे. त्यातच शाईच्या ठशांचे दोन कागद आहेत, ती परत आल्यावर मी सरावासाठी घेतलेले. एक कापूस वेचणीनंतरचा आणि एक महिनाभराच्या विश्रांतीनंतरचा. गावात पुढचं कुणी निघालं की आई तेच आधी काढून दाखवते.